पाकिटावरची यादी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते आदिलाबादच्या कचेरीतल्या पेशकारसाहेबांचे. साहेबांपुढे कागद मांडणे हे त्यांचे काम. बेला गावच्या भाजीवाल्याच्या मुलाला, म्हणजे मला, घरातल्या पहिल्या बी.ए.ला, कारकुनी मिळाली ती त्यांच्या शब्दामुळे.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षे. जंगलखात्याचा एक दरोगा गोंडांना वेठीला धरतो अशी तक्रार झाली आणि चौकशीला हैदराबादहून कायदेमंडळाची कमिटी आली. इंद्रवेल्लीकडच्या चार गोंडांनी जबान्या दिल्या. अट एकच: आपली नावे दरोग्याला कळू नयेत. कमिटी गेल्यावरही त्यांना त्याच्याच जंगलात राहायचे होते.

जबान्या पाकिटात घालून लाखेचे शिक्के मारण्याचे काम माझ्याकडे आले. मी वर 'राजदारी', म्हणजे गोपनीय, असे लिहिले. आमच्या शाळेत पुठ्ठ्यावर अनुक्रमणिका नसेल तर मास्तर वही तपासत नसत. त्याच वळणाने मी पाकिटावर आतल्या कागदांची यादीही लिहिली. उर्दूत, माझ्या उत्तम अक्षरात: नाव, बापाचे नाव, गाव.

डाकबंगल्याच्या ओसरीवर मेजावर पाकीट ठेवून मी उभा राहिलो. थोड्या वेळाने दरोगा येऊन समोरच्या बाकावर बसला आणि पान लावू लागला. त्याच्या मागोमाग पेशकारसाहेब आले. त्यांनी पाकीट वाचले, माझ्याकडे पाहिले, आणि डोक्यावरची दस्तार काढून पाकिटावर ठेवली.

दस्तार म्हणजे कचेरीची पगडी. तिच्याशिवाय वरिष्ठांसमोर जाणे हा तेव्हा गुन्हा होता. दुसऱ्याच्या दस्तारीला हात लावणे त्याहून वाईट.

"काय पेशकारसाहेब, आज बोडकेच?" दरोगा म्हणाला.

"डोस्कं तापून राह्यलं, दरोगासाहेब."

"जागा अडवली तुमी. मले पानदान ठेवाचं होतं."

"मांडीवर ठेवा. ते रिकामीच हाये."

मग माझ्या कानाशी ते म्हणाले, "बी.ए., हे कोनं शिकवलं रे तुले?"

"मास्तरांनी, साहेब."

"चांगला मानूस असन."

तासाभराने आत बसलेल्या कमिटीचे बोलावणे आले. दस्तारीसकट पाकीट दोन्ही हातांवर धरून पेशकारसाहेब तसेच बोडके आत गेले. मी मागे होतो. कमिटीच्या अध्यक्षांनी ही बेअदबी कशासाठी, असे विचारले. दरोगा दारातच उभा होता.

"चूक झाली, सरकार," एवढेच पेशकारसाहेब म्हणाले.

अध्यक्षांनी तिथल्या तिथे शेरा लिहवून घेतला. दार लागल्यावर पेशकारसाहेबांनी दस्तार उचलली. अध्यक्षांनी यादी वाचली आणि पाकीट स्वतःच्या पेटीत ठेवून कुलूप लावले. शेरा मात्र लिहून झाला होता, आणि लिहिलेला शेरा खोडण्याची पद्धत नव्हती.

त्या शेऱ्यावर पेशकारसाहेबांची दूरच्या तालुक्यात बदली झाली. मी खरे सांगायला निघालो तर त्यांनी अडवले. "दरोगा हाये तोवर तोंड उघडू नको. कारण सांगशीन त यादी निघन, यादी निघाली का नावं निघतीन."

मी गप्प राहिलो. पुढल्या उन्हाळ्यात त्यांना हे पत्र पाठवले:

"पेशकारसाहेबांच्या सेवेशी सादर नमस्कार. दरोगा काल बदली होऊन जिल्ह्याबाहेर गेला. चौघेही आपापल्या गावी सुखरूप आहेत. दस्तार काढण्याचे कारण माझी चूक होती, असा अर्ज मी आज वर दिला आहे. त्यात कोणाचे नाव नाही. आपल्यावरचा शेरा निघेल की नाही, माहीत नाही. माझ्यावर एक लागेल असे दिसते. या पाकिटावर फक्त आपला पत्ता लिहिला आहे. दोनदा पाहिले."