अक्काची हिरवी रेघ

आमचं ऑफिस अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्याच्या माडीवर. तिथले संगणक मी सांभाळायचो आणि त्याची मला नको तेवढी घमेंड होती.

विंडोजच्या पोटात काही तयार ऑब्जेक्ट असतात. आपल्या प्रोग्रॅममधून त्यांना नावानं बोलवलं की ते फायली हलवतात, कळा दाबतात, कोणता संगणक किती वेळ नुसता पडून आहे तेही सांगतात. मॅनेजरसाहेबांना मी असाच एक प्रोग्रॅम लिहून दिला. त्यांच्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे एक रेघ. काम चालू असलं की हिरवी, पाच मिनिटं कळ दाबली नाही की लाल. साहेबांनी पाठ थोपटली आणि मी आठवडाभर हवेत होतो.

सगळ्यात जास्त लाल निघाली अक्का. माझ्या शेजारच्या टेबलावर बसून ती पॅकिंगच्या याद्या करायची. पन्नाशी ओलांडलेली, साखरेचा आजार, पाय सुजलेले. दुपारी नमुन्यांच्या खोलीत जाऊन टॉवेलच्या गठ्ठ्यावर जरा आडवी व्हायची आणि परत येऊन कामाला लागायची. तिची यादी कधी रखडली नाही. पण साहेबांनी सांगून टाकलं, पुढच्या महिन्यातही असंच दिसलं तर घरी बसा.

"तूच केलंयस की हे," ती मला म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यानं मला जास्त लागलं. "मग आता माझ्यापुरतं कायतरी कर. घरच्या मालकांचा माग बंद पडून लई वर्षं झाली. हितनं काढलं तर मी कुटं जाऊ?"

पाच ओळींचं काम होतं. दर चार मिनिटांनी तिच्या संगणकावर स्क्रोल लॉकची कळ आपोआप दाबली जाईल, एवढंच. ती कळ हल्ली कुणी वापरत नाही, त्यामुळे कामात काही बिघडत नाही. अक्काची रेघ दिवसभर हिरवी राहू लागली. आपण फार दयाळू आहोत असं मला वाटायला लागलं.

एप्रिलमधल्या एका सोमवारी तिचा उपास होता. साखरेचं इंजेक्शन मात्र घेतलेलं. दोनच्या सुमारास ती उठून गेली. साडेतीनला खुर्ची अजून रिकामी दिसली. जाऊन बघावं असं वाटलं, पण शोधाशोध केली तर साहेबांच्या लक्षात येईल, तिची नोकरी जाईल, असं म्हणून मी बसून राहिलो. हे अर्धंच खरं आहे. माझं बिंग फुटेल ही भीती मोठी होती. चारला साहेबांना तिच्याकडून यादी हवी होती. पडद्यावर हिरवं दिसलं, म्हणून त्यांनी संगणकावरच निरोप टाकला आणि वाट बघत बसले.

साडेपाचला झाडणाऱ्या मावशींनी नमुन्यांची खोली उघडली. अक्का गठ्ठ्याच्या बाजूला फरशीवर बेशुद्ध पडली होती. साखर एकदम उतरली होती. बाकीचे तिला उचलून जिन्यानं खाली नेत होते, तेव्हा मी तिच्या टेबलाशी जाऊन ती पाच ओळींची फाईल पुसली. याची मला आजही किळस येते.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

दहाव्यानंतर साहेब आणि मी तिच्या घरी गेलो. साहेबांनी त्या सोमवारच्या तिच्या रेघेचा कागद छापून आणला होता, अगदी चांगल्या मनानं. "बघा, साडेपाचपर्यंत कामात होत्या," ते म्हणाले.

अक्काच्या यजमानांनी कागद हातात धरून बराच वेळ बघितला. मग माझ्याकडं वळले.

"डॉक्टर म्हनला, दुपारपासनंच पडलेली आसंल. तू तर शेजारीच बसतोस की. खरं काय हाय?"

साहेब माझ्याकडं बघत होते.

"कागद बरोबर आहे, काका," मी म्हणालो.

"मग बरं," ते म्हणाले. "लई येळ एकटी न्हवती म्हंजे."