रिकामी टोपली परत द्यायची नाही

आमच्या टोपल्यांचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. दरवर्षी सण यायचा, आई दमायची आणि एक किस्सा मागे उरायचा. आता सांगायला मीच राहिले आहे, तर ऐका.

आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. पप्पांच्या कारखान्यातल्या नोकरीपायी कानडी मुलखात, जयनगरात येऊन पडलो. एस्तेर राणीने दुष्ट हामानापासून आपल्या लोकांना वाचवलं, त्याचा सण पुरीम. त्या दिवशी निदान एका यहुदी घरी दोन तरी खाण्याचे पदार्थ पाठवायलाच हवेत. शहरात ओळखीची सहा घरं, म्हणून सहा टोपल्या. मी पतंगाचा कागद चिकटवायची, पप्पा झालर कापायचे. आलेली टोपली रिकामी परत द्यायची नाही, हा आईचा कायदा.

*

पुरीमला आमचे वाडवडील ‘होळीचा सण’ म्हणत. पप्पांनी रजेच्या अर्जात तेच लिहिलं.

साहेब म्हणाले, “होळीला अजून महिना आहे.”

“ती तुमची, साहेब. ही आमची.”

रजा मिळाली. महिन्याने पप्पा ऑफिसातून हिरवे-जांभळे होऊन आले. “रजा आधीच घेतलीत, आता रंग घ्या,” असं म्हणून सगळ्यांनी धरलं होतं. आईने तो शर्ट तीनदा धुतला, मग त्याचं फडकं केलं.

*

इस्राएलला गेलेल्या आत्याने पत्रातून कळवलं, इथे त्रिकोणी बिस्किटं करतात, त्यांना ‘हामानाचे कान’ म्हणतात. आईने दुपारभर खपून साठ कान वळले आणि भाजायला कोपऱ्यावरच्या बेकरीत दिले. भट्टीत सगळे उघडून सपाट झाले.

बेकरीवाले अण्णा ताट पुढे करत म्हणाले, “अक्का, कान गेले. स्वल्प काळं आहे, पण टेस्ट सरी, एकदम बरोबर.”

*

बेकरीत ताटं बदलतात म्हणून आई प्रत्येक नानकटाईवर शिवणाच्या अंगुस्तानाचा ठसा उमटवायची. एका वर्षी सकाळी ठशाच्या नानकटाया शहराच्या दुसऱ्या टोकाच्या छावणीतल्या हन्नामावशींकडे गेल्या. संध्याकाळी तिसऱ्याच घरून आलेल्या टोपलीत त्याच निघाल्या.

आईने एक उचलून पाहिली. “बघ, जयनगरपासून छावणीपर्यंत फिरून आल्या. मी वर्षभर कुठे गेले नाही.”

*

मग एकेक घर इस्राएलला जाऊ लागलं. सहाच्या चार टोपल्या झाल्या, चाराच्या दोन. शेवटी उरलेल्या हन्नामावशीही गेल्या.

त्या पुरीमच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, “यंदा टोपली नाही. द्यायची कुणाला? दमले मी.” सवयीने करंज्या तेवढ्या तळल्या आणि डब्यात भरून ठेवल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

सणाच्या दिवशी पप्पा सकाळी बाजारात जाऊन आले आणि कोट-टोपी घालून स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडले. थोड्या वेळाने पुढची कडी वाजली. आईने दार उघडलं.

पप्पा उभे होते. हातात टोपली, कागद वाकडा चिकटवलेला, आत म्हैसूरपाक आणि केळी.

“नमस्कार बाई. आम्ही मागच्या दाराला राहतो. यहुदीच आहोत.”

आई मग टोपली घेऊन आत गेली, रिकामी केली, करंज्यांनी भरली आणि पुन्हा दारात आली.

“ही तुमच्या घरच्या बाईंना द्या,” ती म्हणाली. “फार दमलेल्या असतात.”