गाळा क्रमांक सातचा पंचनामा

दादा गेल्यानंतर आम्ही बरेच दिवस दुकानाकडे फिरकलो नाही. वहिनीने शटर उघडायचा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. मी शाळेतून निवृत्त होऊन माहेरच्या घरी राहायला आल्यापासून आम्ही तिघंच होतो. दादाचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान नगर परिषदेच्या व्यापारी संकुलात होतं, खालच्या मजल्यावर, गाळा क्रमांक सात. आमचं शहर गोंदियापासून रेल्वेने तासाभरावर आहे. नाव लिहायची गरज वाटत नाही.

संकुलाला सगळे मॉल म्हणतात, कारण बांधलं तेव्हा त्यात सरकता जिना होता. सुरुवातीला आसपासच्या गावांतून लोक नुसता तो जिना पाहायला येत. मग तो बंद पडला. आता त्याच्यावरूनच साध्या जिन्यासारखं चढावं लागतं, आणि पायऱ्या उंच असल्यामुळे बायका लुगड्याचा काठ धरून, एकेका पायरीवर थांबत वर जातात. वर फारसं काही उरलेलं नाही. एक शिकवणी वर्ग, खेळांच्या यंत्रांचा कुलूप लावलेला हॉल आणि कोपऱ्यात एक बांगड्यांचं दुकान.

माघ महिन्यात शेजारच्या गाळ्यातल्या चपलांच्या दुकानदाराचा फोन आला. त्याला सगळे शेठ म्हणतात.

"दीदी, शटर पे कागज चिपकाया है. आप आके पढ़ लो. मेरे को इतना समझता नहीं."

त्याला सगळं समजतं, हे मला माहीत होतं. दादा दवाखान्यात होता तेव्हा दुकानाची किल्ली त्याच्याकडेच होती. तो रोज घरी येऊन चौकशी करायचा, बिस्किटांचे पुडे आणायचा. त्या वेळी मला ते फार बरं वाटलं होतं.

नोटीस मी उभ्यानेच दोनदा वाचली. जुनं संकुल धोकादायक ठरलं असून ते पाडून तिथे नवं, चार मजल्यांचं संकुल होणार. सर्वेक्षणाच्या दिवशी ज्यांचे गाळे चालू आढळले, त्यांनाच नव्या इमारतीत जागा मिळणार. बाकीच्या गाळ्यांचा लिलाव. गाळा क्रमांक सात सर्वेक्षणात बंद आढळला आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी.

प्रवेशद्वारावर नव्या इमारतीचं चित्र लावलं होतं. काचेच्या भिंती, हातात पिशव्या घेतलेली माणसं, आपल्याकडे कुठेच न वाढणारी झाडं. चित्रातल्या एकाही बाईने साडी नेसलेली नव्हती. मी नोटीस वाचत असताना शेठ त्याच्या आणि दादाच्या दुकानामधल्या भिंतीला हात लावून उभा होता. मी पाहिलं तसा त्याने हात काढला.

घरी वहिनीला वाचून दाखवलं. ती अर्जुनी मोरगावकडची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिने तिकडची बोली सोडलेली नाही.

"बंद काऊन लिवलन?" ती म्हणाली. "दिवारीपर्यंत तं रोज जात होते."

"तेच शोधायचं आहे."

"शोधा मंग. मले ते दुकान पाह्यजे, ताई. मशीन तिथं टाकीन म्हणून राहिली मी. आपल्या गल्लीत कोन येते ब्लाऊज शिवाले? तिथं येता-जाता बाया देऊन जातेत."

दादा जाऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि तिने हे सगळं ठरवून ठेवलं होतं. मला वाईट वाटलं, हे खरं आहे. नंतर लक्षात आलं की मला निवृत्तिवेतन आहे आणि तिला काहीच नाही.

नगर परिषदेच्या बाजार विभागात एक बाबू आहेत. आवाज मऊ, प्रत्येक वाक्यात मॅडम. सर्वेक्षणाच्या पंचनाम्याची नक्कल मागितली तर म्हणाले, "कायले त्रास करता मॅडम, मी सांगतो ना त्यात का आहे." मी अर्ज दिला, पोच घेतली आणि बाकावर बसून राहिले. नक्कल तिसऱ्या दिवशी मिळाली.

छापील नमुना होता, रिकाम्या जागा हाताने भरलेल्या. तारीख दिवाळीच्या आठवडाभर आधीची. मजकूर असा: सदर गाळा मागील एक वर्षापासून बंद असून आत कोणताही व्यवसाय चालू नाही, असे पंचांसमक्ष आढळून आले. खाली दोन पंचांच्या सह्या. त्यातली एक शेठची.

मी तो कागद घेऊन खिडकीशी गेले. तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यावर काही गोष्टी आपोआप दिसतात. मजकुराच्या पहिल्या ओळी ऐसपैस होत्या, शेवटच्या दोन दाटीवाटीने लिहिलेल्या आणि शेठच्या सहीच्या वरच्या फराट्याला चुकवून वळलेल्या. सही आधीपासून तिथे होती. मजकूर नंतर आला होता.

शेठच्या दुकानात गेले तेव्हा तो एका बाईला सँडल दाखवत होता. मी कागद काउंटरवर ठेवला.

"ही सही तुमची?"

"मेरी है." त्याने लगेच कबूल केलं, यामुळेच माझा संशय वाढला.

"दिवाळीच्या आधी माझा भाऊ इथे बसत नव्हता?"

"अरे दीदी! रोज बैठता था. मेरी चाय उसके बिना होती थी क्या?" त्याने सँडलचा खोका बाजूला सारला. "बाबू लोग आए थे, गठ्ठा लेके. बोले, सेठ, पंच लगता है, चार-पाच साइन मार दो, भरना बाद में है. मार दिया. सबने मारा."

"कोऱ्या कागदावर?"

"तो क्या, पढ़के करते?" सँडल घेणारी बाई हसली. शेठ नाही हसला. "वो बाद में आया होगा, शटर बंद देखा, भर दिया. मेरे को क्या पता किसके कागज पे मेरा साइन गया."

दोन गाळे जोडून मिळाले तर कुणाला नको असतात? हे मी त्याला विचारलं नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. त्याने माझ्यासाठी चहा मागवला आणि मी तो प्याले, याचा मला घरी येईपर्यंत राग येत राहिला.

मी लेखी हरकत दिली आणि सुनावणीआधी सगळी फाईल पाहायला मागितली. बाबूंनी कुरकुर केली, पण नियमात बसत होतं, आणि मी नियम लिहून नेला होता. एका टेबलाशी बसून मी एकेक पंचनामा वाचला. सगळे एकाच हाताचे, एकाच तारखेचे. तसाच ऐसपैस आरंभ, तशीच शेवटची दाटी. वरच्या मजल्यावरच्या बांगड्यांच्या दुकानाचा कागद आला. दोन वर्षांपासून बंद, असं त्यात होतं. पंच क्रमांक एक या जागी जे अक्षर होतं ते वाचण्याआधीच मी ओळखलं. पाचवीत मला भागाकार शिकवताना दादा ज्या अक्षरात लिहायचा, तेच. नाव, वय, आणि धंदा: झेरॉक्स व टायपिंग, गाळा क्रमांक सात. खाली सही.

तो कागद मी बाजूला काढून ठेवला. बाबू जवळ आले, वाकून कागद पाहिला आणि त्यांचा आवाज आणखी मऊ झाला.

"हे बघा मॅडम, तुमचं काम तर इथंच झालं. त्याच तारखेला तुमचे भाऊ दुकानात हजर होते, पंच म्हणून सही करून राहिले, गाळा क्रमांक सात स्वतः लिहिलं. मग त्यांचं दुकान बंद कसं? एवढाच कागद साहेबांपुढं ठेवा. विश्वासू माणूस होते, सगळ्यांना माहीत आहे. बाकीच्यांचा विषय काढू नका. तुमचा सात नंबर मी करून देतो."

कागदाची नक्कलही त्यांनी लगेच दिली. तीन दिवस लागले नाहीत.

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. दादा त्या दिवशी दुकानात होता याचा याहून चांगला पुरावा मिळाला नसता. फक्त, दादा विश्वासू पंच ठरला की त्याने सही केलेला मजकूरही खरा ठरणार होता, आणि वरच्या बाईचं दुकान जाणार होतं. ती बाई आमच्याच वयाची. भाद्रपदात लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, दिवाळीच्या तोंडावर परतली. तिचं दुकान दोन वर्षं बंद नव्हतं. नवरात्रात मी स्वतः तिच्या शेजारणीला, म्हणजे शिकवणी वर्गाच्या बाईंना, ती कधी येणार हे विचारलं होतं, मला हिरव्या बांगड्या हव्या होत्या म्हणून.

वहिनीला मी सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"यायनं कागद वाचला नसन," ती म्हणाली.

"नसेलच वाचला."

"मंग तसंच सांगा."

"तसं सांगितलं तर दादाने न वाचता सही केली असं सगळ्यांसमोर होईल. दुसऱ्याचं दुकान घालवलं असं होईल. आणि मग बाबू म्हणतात तितकं ते सोपं राहणार नाही. आपलंही अडकेल."

तिने सूप हलवलं. "मले दुकान पाह्यजे," ती म्हणाली. "पन तिच्या बांगड्या घालून मी लग्नात बसली होती, ताई. तुमी शिकल्या-सवरल्या. मले काऊन विचारता?"

याला मी होकार समजले की नकार, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला हवं तेच मी ऐकलं असेल.

सुनावणी सभागृहात होती. मुख्याधिकारी तरुण होते, बाहेरगावचे. बाबू त्यांच्या डाव्या हाताला बसले होते. बांगड्यांच्या दुकानाची बाई मागच्या रांगेत होती, हातात कसलाही कागद नव्हता. शेठही आला होता. कशासाठी, ते कळलं नाही.

मी दोन्ही पंचनामे टेबलावर ठेवले.

"ही सही कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या भावाची."

"म्हणजे त्या दिवशी ते दुकानात होते. बरोबर. मग तुमची हरकत मान्य करायला..."

"साहेब, सही त्याची आहे. मजकूर त्याचा नाही. त्याने कोऱ्या नमुन्यावर सही केली. वरचं दुकान दोन वर्षं बंद नव्हतं."

बाबूंनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी वेडी आहे असं त्यांना वाटत होतं.

"तुम्ही सही करताना तिथे होतात?"

"नाही."

"मग कशावरून म्हणता?"

मी पुढे जाऊन दाखवलं. इथे ओळी दाटल्या आहेत. इथे सहीचा फराटा आहे आणि अक्षर त्याला टाळून गेलं आहे. सगळ्या कागदांवर तसंच आहे. माझा आवाज वर्गात असायचा तसा झाला होता, आणि ते मला आवडलं नाही. साहेबांनी कागद उजेडाकडे धरून पाहिले, एकावर एक ठेवून पाहिले. मग त्यांनी बाबूंकडे पाहिलं. तेव्हा, म्हणजे साहेबांनी बाबूंकडे पाहिल्यानंतर, शेठ उभा राहिला.

"साहब, मैंने भी कोरे पे ही किया है. सच बोल रहा हूँ."

आधी उभा राहिला असता तर मी त्याच्याबद्दल वेगळं लिहिलं असतं. पण तो उभा राहिला, हेही खरं आहे.

सगळेच पंचनामे बाजूला ठेवून नव्याने सर्वेक्षण करायचं, असं ठरलं. तारीख कळवणार नाहीत, अचानक येतील. बाहेर आल्यावर वहिनी एवढंच म्हणाली, "आता रोज शटर उघडा ठेवाले लागते मंग," आणि दुसऱ्या दिवशी शिवणयंत्र रिक्षात घालून ती दुकानात गेली. झेरॉक्सचं यंत्र आम्ही मागे सरकवलं. ती शिवते, मी दारात खुर्ची टाकून वाचते. होळीनंतरच्या आठवड्यात सर्वेक्षणाची माणसं आली. वहिनीने त्यांना सगळं तिच्यासमोर लिहायला लावलं, मला वाचायला लावलं आणि मगच शेठला सही करू दिली. गाळा चालू, व्यवसाय शिवणकाम. वरचंही चालू लिहिलं. नव्या इमारतीचा पाया अजून खोदलेला नाही, तेव्हा जागा खरोखर मिळेल तेव्हा मिळेल. त्या कागदावर माझा विश्वास नाही.

सुनावणीच्या दिवशीचं एक लिहायचं राहिलं. ते मी वहिनीला सांगितलेलं नाही. सभागृहाच्या पायऱ्यांवर बांगड्यांच्या दुकानाची बाई माझ्यासाठी थांबली होती. मला वाटलं आभार मानेल.

"तुमी म्हणल्या, त्यायनं कागद वाचला नाही," ती म्हणाली.

"हो."

"मी विचारलं होतं त्याइले. दवाखान्यात जायच्या आधी. नोटीस नव्हती आली तवा, पन बाबूच्या तोंडून त्यायच्या सहीचं आलं होतं कानावर. मी म्हणलं, भाऊ, माझं दुकान दोन वर्सं बंद होतं का? तं खाली पाहून म्हणले, मी वाचूनच सही केली."

ती चढ्या आवाजात बोलत नव्हती. सांगायचं म्हणून सांगत होती. मग तिने पदर खोचला आणि रस्ता ओलांडून गेली.

कोऱ्या कागदावर सही केली हे कबूल करायची लाज वाटली म्हणून तो तसं म्हणाला असेल. दादा तसा होता. चूक झाली तर ती ठरवूनच केली होती असं दाखवायचा. टायपिंगमध्ये ओळ गळली तरी म्हणायचा, मुद्दाम गाळली, गरज नव्हती. पण दुसरंही असू शकतं. बाबूंचं टायपिंगचं बरंच काम त्याच्याकडे यायचं. त्याच्या टेबलाचे खण मी दोनदा उपसले. टाचण्या, कार्बनचे कागद, शिसपेन्सिलींची टोकं. काय शोधत होते ते मला सांगता येत नाही, आणि काही सापडलं नाही. आता कधीकधी दुपारी वर बांगड्यांच्या दुकानात जाऊन बसते. ती चहा देते. दादाचं नाव तीही काढत नाही, मीही काढत नाही.