नाव घातलेले गिलास आणि जळकोटचं लग्न

लग्नाला निघताना बायका साड्या काढतात, मी पिशव्या काढत होते. कापडाच्या. शिवाय दोघांची ताटं, वाट्या, तांबे. आमच्या ह्यांनी गाडीची डिकी उघडून बघितली आणि विचारलं, "लग्नाला चाललोय का संसार थाटायला?"

ब्लॉगवर नवीन असाल तर सांगते. मी नांदेडला गोदावरीच्या जवळ राहते आणि घरातलं प्लास्टिक वेगळं काढून भंगारवाल्याला देते. दुधाची पिशवीसुद्धा धुऊन, वाळवून. धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जातं, तरी दुष्काळात पिशव्या धुते म्हणून घरात रोज एक टोमणा ठरलेला. पण यंदाच्या उन्हाळ्यात नदी आटली आणि घाटाखाली काय निघालं ते मी बघितलं. पाण्याचे पाऊच, बाटल्या, गुटख्याच्या पुड्या. पूर आला की हे सगळं तेलंगण-आंध्र पार करून समुद्रात, कासवांच्या पोटात.

"समुद्र तू एकदाच बघितलास," हे म्हणाले. "तेवढ्यात एवढी माया?"

आहे माया. काय करू?

लग्न होतं अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या लेकीचं, जळकोटजवळच्या खेड्यात. अक्का फोनवर कौतुकानं सांगत होती की दाजींनी उदगीरहून बाटल्यांचं पाणी सांगितलंय, प्रत्येक पाहुण्याच्या हातात एक. तेव्हाच मी ठरवलं, त्यातल्या एकाही बाटलीचं सील फुटू द्यायचं नाही.

नांदेडहून पहाटेच निघा, दहानंतर ऊन माणसाला सुखानं बसू देत नाही. नणंदेला भेटायचं म्हणून लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असा लांबचा रस्ता. बरा आहे, मधेमधे खड्डे भेटीला येतात. अहमदपूरला गरम सुशीला, म्हणजे फोडणी दिलेले भिजवलेले चुरमुरे, खाल्ली, तीही माझ्याच ताटात. हॉटेलवाल्यानं 'बाईचं काही व्रत असेल' अशा नजरेनं वाढली. चाकूरला चहाच्या टपरीवर दोन म्हातारे बसले होते.

"उदगीर नवा जिल्हा होतोय म्हणतेत."

"होऊ दे की. पाणी न्हाई तर न्हाई, पाटी तरी नवी यील."

लातूरला नणंदेकडे मुक्काम केला. शहराला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं, गल्लीत रंगीबेरंगी घागरींची रांग माणसांपेक्षा लांब. नणंदेनं जेवण थर्माकोलच्या ताटलीत दिलं. मी माझं ताट पुढे केलं तर म्हणाली, "वहिनी, जेवा की त्यात. पण घासायला पाणी कुठून आणू?" मी ताट गुपचूप पिशवीत ठेवलं. ही गोष्ट ह्यांनी पुढे उदगीर येईपर्यंत तीनदा बोलून दाखवली.

लातूर-उदगीर-जळकोट रस्त्याला सावली म्हणून नाही. जवळ पाणी भरपूर ठेवा. दुपारी पोचलो तर दाजी मांडवाच्या दोऱ्या बांधत होते. दाजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. अजून पाहुण्यांना "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतात. पाणी प्यायच्या आत मी विषय काढला. जेवायला पळसाच्या पत्रावळी होत्या, तेवढं माझ्या मनासारखं झालं होतं. उरल्या बाटल्या.

"दाजी, गावजेवणाला लोक आपापलं ताट-तांब्या घेऊन जातात ना? तसाच निरोप द्या. बाटल्या लागणारच नाहीत."

दाजींचे हात थांबले.

"शोभा, माझा बाप जायचा गावजेवणाला ताट घेऊन. गाववाल्यांचं ताट बाटू नये म्हणून. भाइर बसायचा अन् पाणी वरनं वंजळीत. माझ्या लेकीच्या लग्नात कुणी आपलं भांडं घेऊन येणार न्हाई. बाटली शीलबंद असती. कुणी कुणाला वरनं वाढीत न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे आजोबाही असेच बाहेर बसले असतील. सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या मला समुद्रातल्या कासवाची आठवण होती, त्यांच्या ओंजळीची नव्हती.

अक्कानं मधे तोंड घातलं. "हातात भरला गिलास दिला तर चालंल का?"

"पळंल की. पण एवढे गिलास हायेत कुठं?"

मग आम्ही दोघी पोतं घेऊन निघालो. अक्काच्या वस्तीतल्या घरोघरीचे गिलास घेतले, तरी कमी पडले. परत येऊन अक्का म्हणाली, गावात रुक्मिणकाकूंकडं जाऊ. काकू म्हणजे पाटलांच्या घरातली म्हातारी.

"देतील," दाजी म्हणाले. "पण आपल्या तोंडाला लागलेले परत चुलीपाशी घेतील का? गोठ्यात टाकतील. मंग लगीन माझ्या ध्यानात ऱ्हाईल का ते गिलास?"

तरी अक्का गेलीच. काकूंनी काही विचारलं नाही. फडताळ झाडून पुसून रिकामं केलं आणि म्हणाल्या, "नावं हायेत त्यावर. मोजून आणा."

बाटल्यांचा टेम्पो दाजींनी आला तसा परत धाडला. चेहरा मात्र तिकीट न काढलेला प्रवासी सापडल्यासारखा.

लग्न बुद्धविहारासमोर झालं. पांढऱ्या साडीत पोरगी काय गोड दिसत होती! वंदना झाली, मंगलगाथा झाल्या, मग बुंदी, पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात. गिलास राखेनं कोरडे घासायचे, फडक्यानं पुसायचे आणि टँकरच्या बादलीत एकदा बुचकळायचे. पंगतीत गिलासांवरची नावं वाचायचा खेळच झाला. ह्यांच्या हातातल्या गिलासावर 'चि. बबनला मामाकडून बारशानिमित्त' असं लिहिलं होतं. नवरदेवाच्या गिलासावर कुणा कांताबाईचं नाव, त्यावरून करवल्यांनी त्याला पुरतं हैराण केलं.

दुसऱ्या सकाळी अक्का पोतं देऊन आली. दाजी चहा न पिता दारात उभे.

"घेतले?"

"घेतले."

"कुठं ठिवले?"

"मी काय आत शिरून बघू?"

आम्ही जांब-कंधारच्या रस्त्यानं परतलो. अंतर कमी, धूळ जास्त. घरी येऊन हिशेब मांडला तर हाती काय लागलं? "त्या बाटल्या एव्हाना दुसऱ्या लग्नात फुटल्या असतील," हे म्हणाले. खरंच असेल. मला राहून राहून दाजींचा 'कुठं ठिवले?' हा प्रश्न छळत होता.

पिशव्या रिकाम्या करताना माझ्या ताटाखाली एक जुना गिलास निघाला. घासूनघासून नाव पुसट झालेलं: 'रुक्मिण'. आवराआवरीत माझ्या भांड्यांत आला असणार. अक्काला कळवावं म्हणून फोन घेते तोच दाजींचा आला.

"शोभा, काकूचा एक गिलास तुझ्याकडं आलाय का? म्हातारी आपल्या पायानं दारात आलीय. माहेरचा हाय म्हणती. रोज पाणी त्यातच पिती. घाईत न मोजता पोत्यात गेला."

"आहे, दाजी. माझ्याकडेच आहे."

"मी सांगितलं तिला, काकू, त्या गिलासातनं मीच पाणी पिलोय. तर म्हणली, मंग? घासला न्हाई व्हय?"

तिकडे दाजींनी नाक ओढल्याचं ऐकू आलं, मग लगेच कंडक्टरचा आवाज लागला.

"चल, लवकर घेऊन ये. म्हातारी तहानलेली बसंल."