ताईच्या चरबीची सूज

चरबीला सूज आली, तर ती दुखत का नाही? हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. अजून कुणी सांगितलेलं नाही. शाळा आपण लवकर सोडली, म्हणून कुणी मनावर घेतलं नसेल. पण ताईच्या त्या तपासणीचे किस्से एवढे साठलेत, की आमच्या अंजूरच्या रिक्षा स्टँडवर एक काढला की दुसरा मागून ढकलतोच.

थोरली बहीण वंदनाताई मानकोलीला गोडाऊनमध्ये पॅकिंग करायची. वजन जास्त, त्यात शुगर. एका हॉस्पिटलात नवीन तपासणी चालू होती, तिथे ताईने नाव दिलं. सुई नाही, काही नाही. पेनासारखी नळी पोटावर टेकवायची. तिचा प्रकाश आत जाऊन परत येतो, आणि चरबीला सूज किती ते मशीन सांगतं. ती सूज उतरलेली बघायची, एवढंच ताईच्या मनात होतं.

*

पहिल्या दिवशी मशीनवाल्या मॅडमनी खोलीत अंधार केला. मला वाटलं, लाईट गेली! लगेच मोबाईलची टॉर्च मारली, थेट नळीवर. मॅडम ओरडल्याच. ताई पडल्यापडल्या म्हणाली, "मॅडम, आधी ह्याची मोजा. डोक्याला हाय सूज!"

*

रिपोर्ट आला, सूज आहे. ताई खूश!

"यात हसण्यासारखं काय?" मी चिडलो.

"अरे, सगळे म्हणायचे खाऊन सुटली. आता मशीन बोलतंय, आजार हाय!"

दुसऱ्या दिवशी ढेरपोट्या सुपरवायझर नेहमीसारखा म्हणाला, "वंदना, वडापाव कमी कर."

"सर, माझं मशीन लावून कळलं. तुमचं तर गेटवरनं दिसतंय!"

*

आईने फक्त 'सूज' एवढंच ऐकलं. पुढच्या तपासणीला ताईचं पोट पिवळंधमक! आईने रोज हळदीचा लेप दिला होता. मशीन भलतंच दाखवायला लागलं. मॅडमनी पुसून पुसून बघितलं, हळद निघेना. मी आईला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"सुजेला हळद न्हाय लावायची, तं काय पावडर लावायची?" आई म्हणाली.

मॅडमनी तारीख पुढे ढकलली.

*

त्या तारखेला सूज थोडी उतरलेली निघाली. मॅडम म्हणाल्या, "एकदा बघून पक्कं सांगता येत नाही. पुढच्या वेळी कळेल." ताई म्हणाली, "फोटो काढ." मी काढला. स्क्रीन नुसती पांढरी आली, ताईचा चेहरा मात्र झकास.

"माझा कशाला काढलास? सुजेचा काढ ना, येड्या!"

आता त्याच फोटोला हार घातलाय. पुढची तपासणी व्हायच्या आधीच ताई गेली. हार्ट.

*

त्या तारखेला मी एकटाच गेलो.

"ताई कुठेत?" मॅडमनी विचारलं. मी सांगितलं. मी शर्ट वर केला आणि कॉटवर आडवा झालो.

"अहो, हे काय?"

"लावा मॅडम. तारीख तिची आहे."

"असं चालत नाही, दादा."

"मी पण तिच्याच आईच्या पोटचा आहे."

मॅडमनी उठून खोलीत अंधार केला. नळी पोटाला टेकली. एकदम थंडगार. ताई हे कधी बोलली नव्हती.