दर्यादेवाचा उजवा हात

आगरदांड्याच्या जेट्टीवरची ती दुपार माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. नारळी पौर्णिमेला चार दिवस उरले होते. खबऱ्याचा फोन आला की एक म्हातारा कोळी जुनी मूर्ती घेऊन दिघीच्या फेरीबोटीत चढतो आहे. अलिबागच्या एका बंगल्यातून लाकडी मूर्ती चोरीला गेल्याची तक्रार आमच्याकडे आलेलीच होती. मी मनातल्या मनात गुन्हा उघडकीस आणूनही टाकला.

म्हाताऱ्याला ठाण्यात आणले. गाठोड्यात हातभर उंचीची, शेंदराने माखलेली मूर्ती निघाली.

"कुठून उचललीस?" मी दरडावले.

"उचलली न्हाय साहेब. दर्यादेव हाय आमचा. यंदाची माझी पाळी सरली, आता भावाकडं न्यायचा. पुनवेला त्यो पोचला न्हाय तर भावाच्या होड्या सुटायच्या न्हायत."

देव एका भावाकडून दुसऱ्याकडे पाळीने जातो, हे मला ठाऊक होते. तरी मी विश्वास ठेवला नाही. दोन तास तेच प्रश्न फिरवून विचारले. उत्तर एका शब्दाने बदलले नाही. खोटे बोलणारा दर वेळी थोडी भर घालतो, हा माझा अनुभव. तिथेच मी चरकलो.

बंगलेवाले गाडीतून आले. मूर्ती पाहताच म्हणाले, "हीच. नेपाळची देवी आहे, मीच आणलेली."

पंचनामा लिहिणारी आमची महिला शिपाई लिहिता लिहिता थांबली. "सर, ही देवी नाही. उजव्या हाताची बोटं बघा, जमिनीला टेकलीत. हे बुद्ध आहेत. आमच्या विहारात अशीच मूर्ती आहे."

म्हातारा म्हणाला, "आमी समजतो, पाण्याची खोली दावतोय."

पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांना बोलावले. त्यांनी बैठकीखालचा शेंदूर जरासा खरवडला. थरावर थर निघाले, दरवर्षी एक लावावा तसे. खाली जुने सागवान आणि सोनेरी वर्खाचे कण. घडण ब्रह्मदेशाची, असे त्यांनी लेखी दिले. म्हाताऱ्याचा पणजा रंगूनच्या तांदळाच्या जहाजावर खलाशी होता, हे तो पहिल्यापासून सांगत होता. मीच ते टिपून घेतले नव्हते. बंगलेवाल्यांनी "नजरचूक झाली" असा जबाब दिला आणि घाम पुसत निघून गेले.

कोर्टाच्या आदेशाने पौर्णिमेच्या सकाळी मूर्ती परत दिली. गाठोडे बांधताना म्हाताऱ्याने शिपाई मुलीला विचारले, "बाय, जमिनीला हात लावून काय सांगतो यो?"

"ही जमीन माझी साक्षीदार आहे, असं सांगतात."

त्याने गाठोड्याची गाठ घट्ट आवळली. "मंग बरा हाय. माझी साक्षबी त्यानंच दिली."

संध्याकाळी नारळ सोडल्यावर दिघीहून फोन आला, होड्या सुटल्या.

मोठे गुन्हे उघडकीस आणल्याबद्दल मला बक्षिसे मिळाली. पण सर्वांत जास्त अभिमान मला या प्रकरणाचा वाटतो, कारण त्यात आम्ही कोणालाही अटक केली नाही; आणि त्या शिपाई मुलीचा. त्यानंतर ठाण्यात आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न "कुठून उचललीस?" असा कधी विचारला नाही. "हे काय आहे, सांगा" असे म्हणून त्याला आधी बसायला खुर्ची दिली.