लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी

माझी आत्या तेवीस वर्षं सरकारी दवाखान्यात रक्त तपासायची. बोटातून काढलेला थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून मलेरियाचे जंतू शोधायचे. दिवसाला साठ-सत्तर काचा. शिपायापासून सगळे तिला 'काचवाल्या बाई' म्हणायचे, त्याचं तिला काही वाटत नसे. चीड यायची ती वेगळ्याच गोष्टीची. "या रोगाला गोळी आहे," ती म्हणायची, "तरी जगात दर वर्षी लाखो माणसं जातात, त्यातही जास्त तान्ही पोरं. आणि कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नाही!"

एका वर्षी तीन आठवड्यांत अकरा काचांमध्ये जंतू निघाले. अकराही माणसं दवाखान्यामागच्या गल्लीतली. आत्याचं घरही तिथंच. जेवणाच्या सुट्टीत तिनं घरोघरी फिरून पिंपं, टाक्या, कुंड्या बघितल्या. कुठं काही नाही. मग तिची नजर दवाखान्याच्या नव्या इमारतीकडे गेली. दीड वर्षापासून काम ठप्प होतं. तळमजल्यावरच्या लिफ्टच्या खड्ड्यात कंबरभर स्वच्छ पाणी साचलेलं. लांब दांड्याला वाटी बांधून तिनं पाणी काढलं, तर डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

ती तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेली.

"इमारत अजून आपल्या ताब्यात आली नाही, बाई," ते म्हणाले. "बांधकाम खात्याला लिहा."

बांधकाम खातं म्हणालं, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, खड्डा लिफ्टवाल्याचा. लिफ्टवाला फोनवर हसलाच. "अहो, लिफ्टच आली नाही, पाण्याचं मी काय करू?" फवारणीवाल्यांच्या यादीत फक्त घरं होती. त्यांनी गल्लीतल्या दारादारावर नोटिसा डकवल्या: पाणी साठवू नका.

"डास आमचे आणि नोटिसा लोकांना!" आत्या घरी येऊन भांडी आपटायची. पाच पत्रं लिहून झाली होती. एकाचंही उत्तर नव्हतं.

अशात तिच्या सुनेला ताप भरला. पाचवा महिना चालू होता.

"साधा ताप असेल गं आई, दगदग झालीय तिला," मुलगा म्हणाला.

आत्यानं ऐकलं नाही. सुनेच्या बोटाला स्वतः सुई टोचली आणि काच घेऊन दवाखाना गाठला. मलेरियाच्या जंतूंची जांभळी वर्तुळं दिसली. डोळे चोळून तिनं पुन्हा बघितलं, मग तिसऱ्यांदा. आपली चूक निघावी, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

सुनेला लगेच भरती केलं, औषधं चालू झाली. सून वाचली. पोटातलं बाळ वाचलं नाही.

बाळ गेल्याच्या पाचव्या दिवशी आत्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, ओळखीच्या नळ दुरुस्तीवाल्याचा पंप आणला आणि भर दुपारी खड्डा उपसायला लागली. खिडक्यांतून सगळा दवाखाना बघत होता, खाली कुणी उतरलं नाही. संध्याकाळपर्यंत तळाचा गाळ दिसला.

पत्रांना न आलेलं उत्तर आता दोन दिवसांत आलं. बांधकामाच्या जागेत विनापरवानगी का शिरलात, याचा खुलासा करा. आत्यानं खुलाशात बारा रुग्णांची वयं आणि तापाच्या तारखा लिहिल्या. बाराव्या ओळीपुढं 'गर्भवती, बाळ दगावलं' असं लिहून खाली सही केली.

मोठ्या डॉक्टरांनी कागद वाचला. "हे वर पाठवलं तर तुम्हालाच त्रास होईल," ते हळू आवाजात म्हणाले.

"व्हायचा तो झालाय, साहेब. पाठवा."

पाठवला की नाही, ते आम्हाला कधी कळलं नाही. तिच्यावर कारवाई झाली नाही आणि खड्डाही बुजला नाही. जमिनीतून पाणी पाझरायचं, म्हणून दर आठवड्याला आत्या पंप घेऊन जायची. पुढच्या तीन महिन्यांत गल्लीतल्या एकाच काचेत जंतू निघाले. वर्षाच्या अहवालात छापून आलं, 'नोटिसांमुळे नागरिकांत जागृती होऊन रुग्णसंख्या घटली.'

आत्यानं तो अहवाल सुनेला वाचून दाखवला. सुनेनं निम्म्यातच हात वर करून तिला थांबवलं.

"पुरे, आई. आज पाइप मी धरते. तुमची कंबर दुखतेय."